द्राक्षांची जत्रा

महाराष्ट्रांत जत्रांना तोटा नाहीं. खंडोबाची जत्रा आहे, काळूबाईची आहे, कार्ल्याच्या एकवीरेची आहे. पौषापासून वैशाखापर्यंत असा आठवडा विरळाच, ज्यांत कोठें ना कोठें पालखी निघत नाहीं आणि रेवड्यांचे ढीग लागत नाहींत. या जत्रांत देव मुख्य. खाणेंपिणें त्याच्या मागून येणारें. परंतु पिकालाच मुख्य मानावें, त्याच्या काढणीच्या दिवसांत उघड्या आकाशाखालीं गांव लोटावा, पाहुण्यानें पिकविणाऱ्याच्या हातचे चार घांस खावेत आणि त्याच पिकाचा रस चाखावा, हा प्रकार आपल्याकडे फार थोडा. हुरड्याच्या दिवसांत चार स्नेही शेतावर बोलावण्याची रीत आहे. पण ती घरगुती झाली. इटलीसारख्या देशांत मात्र द्राक्षाच्या हंगामांत शहराच्या चौकांत मेजें मांडलीं जातात, चुली पेटतात, पिंपांना तोट्या लागतात, आणि सारें शहर जणूं एका पंक्तीला बसतें.

अलीकडे महाराष्ट्रांतही द्राक्षाच्या नांवानें असे मेळे भरूं लागले आहेत. नाशिकजवळच्या 'सुला' या वाइनच्या कारखान्यानें २००८ सालीं आपल्या मळ्यांत असा उत्सव सुरू केला. जुन्नर तालुक्यांत सरकारच्या पर्यटन खात्यानें द्राक्ष महोत्सव भरविले. या नव्या जत्रेविषयीं बोलणारा मनुष्य बहुधा दोहोंपैकीं एक गोष्ट करितो: एक तर तो तिच्या थाटाचें वर्णन करितो, नाहीं तर तिच्यांतील पेल्याकडे बोट दाखवून नाक मुरडतो. दोघांच्याही बोलण्यांतून एक साधा प्रश्न निसटतो, आणि तो असा कीं, ही जत्रा कोणाची? द्राक्ष पिकविणाऱ्याची, विकणाऱ्याची, कीं पिणाऱ्याची? या प्रश्नाच्या उत्तरावर जत्रेची शोभाच नव्हे, तर पुष्कळ शेतकरी कुटुंबांचें बरेंवाईटही अवलंबून आहे. म्हणून तिची वाट जरा सावकाश चालून पाहणें बरें.

तळेगांव दाभाड्याहून सहकुटुंब निघालेल्या गृहस्थास नाशिकचा प्रवास लांबचा असला तरी वाट सोपी आहे. पूर्वेकडे चाकण गांठावें आणि तेथून उत्तरेस जाणारा पुणें-नाशिक रस्ता धरावा. एके काळीं चाकण म्हटलें कीं फिरंगोजी नरसाळ्यानें लढविलेला किल्ला आणि कांद्याचा बाजार एवढेंच डोळ्यांपुढें येई. कांद्याचा बाजार आजही आहे. पण आतां भोंवतीं मोटारींचे कारखाने उभे राहिले आहेत, आणि त्यांच्या मालवाहू गाड्यांच्या रांगेंतून सुटेपर्यंत प्रवाशाच्या धीराची परीक्षा होते. राजगुरुनगर आणि मंचर मागें पडलीं कीं हवा बदलते. नारायणगांव जवळ येतें, शिवनेरीच्या मुलुखाची चाहूल लागते, आणि रस्त्याच्या कडेला द्राक्षांच्या टोपल्या दिसूं लागतात. ज्याला द्राक्षाची जत्रा समजून घ्यावयाची असेल त्यानें प्रथम येथें उतरावें आणि एखाद्या बागेंत घटकाभर थांबावें.

बाग मांडवावर चढलेली असते. लोखंडी खांब, त्यांवर ताणलेल्या तारा, तारांवर पसरलेलीं पानें, आणि पानांखालीं हाताच्या उंचीवर लोंबणारे घड. निर्यातीच्या बागेंत तर एकेका घडाला कागदाचें वेष्टन घातलेलें असतें, म्हणजे उन्हानें मण्यांचा रंग बिघडूं नये. "औंदा बाग कशी आहे, दादा?" असें विचारलें तर बागाईतदार आधीं वर पाहतो. "आभाळ मोकळं राहिलं तर बरी म्हणायची," हें त्याचें ठरलेलें उत्तर. त्या एका वाक्यांत त्याच्या धंद्याचें अर्धें शास्त्र आलें.

इटलींत थंडी पडली कीं द्राक्षाची वेल निजते. पानें झडून जातात, रस मुळांकडे उतरतो, आणि वसंतांत ती पुन्हां जागी होते. सप्टेंबर-ऑक्टोबरांत पीक येतें. वर्षाला एक झोंप आणि एक पीक, असा तिचा क्रम निसर्गानेंच बांधून दिला आहे. महाराष्ट्राच्या उबदार हवेंत ही वेल निजत नाहीं. तिला शिस्त माणसानें लावावी लागते. म्हणून आपल्या बागाईतदाराला वर्षांतून दोनदां कात्री चालवावी लागते. पीक निघाल्यावर एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. तिच्यानंतर फुटणाऱ्या काडीच्या डोळ्यांत पुढच्या घडाचा गर्भ धरतो. मग पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरच्या आगेंमागें फळछाटणी होते, आणि तेथून सुमारें चार महिन्यांनीं घड उतरतो. इटलीचा द्राक्षोत्सव शरदांत आणि आपला माघ-फाल्गुनांत, याचें कारण हें.

परंतु ही कृत्रिम शिस्त महाग पडते. छाटणीनंतर पाऊस लांबला तर केवडा पडतो. हवा ढगाळ राहिली तर भुरी येते. मणी भरले असतांना अवकाळी सर आली तर ते तडकतात, आणि गारा पडल्या तर एका घटकेंत वर्ष संपतें. औषधें, खतें, मजुरी, मांडवाचें लोखंड, ठिबकाच्या नळ्या यांचा खर्च मात्र तोंवर होऊन गेलेला असतो; त्यांतला बराचसा कर्जाचा. द्राक्षाची बाग हें शेतकऱ्याचें वैभव आहे, आणि तोच त्याचा सर्वांत मोठा जुगारही आहे.

आणखी एक भेद येथेंच ध्यानीं धरावा. खाण्याचें द्राक्ष आणि वाइनचें द्राक्ष हीं भावंडें असलीं तरी स्वभावानें निराळीं आहेत. खाण्याचें द्राक्ष मोठें, पातळ सालीचें, बहुधा बिनबियांचें आणि दिसण्यांत देखणें. वाइनचें द्राक्ष बारीक, जाड सालीचें, बियांचें आणि अधिक गोड. त्याच्या सालींत रंग आणि तुरटपणा असतो, आणि रसांतील साखर आंबल्यानें तिचा मद्यार्क बनतो. तांबडी वाइन करावयाची तर रस सालीसकट आंबवितात. पांढरी करावयाची तर साल आधींच वेगळी करितात. आपल्यासारख्या उष्ण देशांत रस तापूं नये म्हणून द्राक्षें गारव्याच्या वेळीं तोडतात आणि पोलादी टाक्या थंड राखतात. खाण्याचें द्राक्ष एका व्यापाऱ्यानें नाकारलें तर दुसरा घेतो, दुसऱ्यानें नाकारलें तर त्याचे बेदाणे करितां येतात. वाइनच्या द्राक्षाला मात्र बाजारांत फारसें गिऱ्हाईक नाहीं. त्याचें खरें गिऱ्हाईक एकच, आणि तें म्हणजे कारखाना.

नारायणगांवाहून संगमनेर, सिन्नर करीत गाडी नाशकांत पोंचते. नाशिक जिल्ह्यांत द्राक्षाचा पाया घालण्याचें श्रेय ओझरचे रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांना दिलें जातें. त्यांनीं १९२५ सालीं तेथें द्राक्षाची लागवड केली. त्या काळीं भोकरी, फकडी, साहेबी अशा जाती होत्या. पुढें थॉम्सन सीडलेस ही परदेशची बिनबियांची जात आली आणि सारा धंदा पालटला. तिच्यांतून सांगली जिल्ह्यांत वसंतराव आर्वे यांनीं 'तास-ए-गणेश' ही जात निवडली; सोलापूर जिल्ह्यांतील नान्नजच्या नानासाहेब काळे यांनीं 'सोनाका' निवडली. हे दोघेही शेतकरी. रोज बागेंत हिंडणाऱ्या डोळ्यांना एका वेलीवरचा निराळा घड दिसला, आणि त्यांतून हजारों एकरांचें पीक उभें राहिलें.

सुलाचा मळा गंगापूर धरणाच्या परिसरांत आहे. राजीव सामंत यांनीं अमेरिकेंतील नोकरी सोडून येथें वाइनच्या द्राक्षाची लागवड केली आणि २००० सालीं पहिल्या बाटल्या बाजारांत आणल्या. आई सुलभा यांच्या नांवावरून मळ्यास 'सुला' हें नांव मिळालें. उत्सव फेब्रुवारींत भरतो. २०२० नंतर महामारीमुळें त्यांत खंड पडला. २०२५ सालीं तो पुन्हां भरला.

या उत्सवांत गेलेल्या पाहुण्यास प्रथम जाणवते ती मोकळीक. डोंगरांच्या पार्श्वभूमीवर पायऱ्यापायऱ्यांचें उघडें प्रेक्षागार आहे; खालीं व्यासपीठावर गाणेंबजावणें चाललेलें असतें. एका बाजूस देशोदेशींच्या पदार्थांचीं दुकानें, दुसऱ्या बाजूस वाइनचीं. मुंबई-पुण्याहून आलेलीं तरुण मंडळी हिरवळीवर बसलेलीं असतात. एका मोठ्या पिंपांत द्राक्षें ओतून ठेवलेलीं असतात आणि पाहुणे अनवाणी पायांनीं तीं तुडवितात. आतां कारखान्यांत रस काढण्याचें काम यंत्रें करितात. हें तुडविणें केवळ मौजेचें आहे. पण त्या मौजेंतही कांहीं अर्थ आहे. पुतळ्यासारखी बाटली पाहण्याची संवय झालेल्या शहरी माणसाला एकदां तरी पायांखालीं कळतें कीं, हें मुळांत फळ होतें.

दिवस मावळतो, दिवे लागतात, गाण्याचा जोर वाढतो. अशा वेळीं एखाद्या चिकित्सक पाहुण्यानें स्वतःला विचारून पाहावें कीं, आपल्याला येथें कोणाचीं नांवें ठाऊक झालीं. बाटलीवरचें नांव ठाऊक झालें, गायकाचें ठाऊक झालें, दुकानाचें ठाऊक झालें. पेल्यांतील रस कोणत्या शिवारांतला, तो कोणी पिकविला, त्याला यंदा काय भाव मिळाला, हें विचारण्याचा प्रसंगच येत नाहीं. यांत उत्सव भरविणाऱ्याला दोष देण्याचें कारण नाहीं. उत्सव त्याचा आहे, खर्च त्याचा आहे, आणि तो आपल्या मालाच्या प्रसिद्धीसाठीं भरविला आहे हें त्यानें लपविलेलेंही नाहीं. प्रश्न इतकाच कीं, द्राक्षांच्या जत्रेचा हाच एक प्रकार असावा काय?

येथें इटलीकडे वळणें उपयोगी पडेल. वायव्य इटलींत तुरीनच्या आग्नेयेस आस्ती नांवाचें एक जुनें शहर आहे. मोस्कातो जातीच्या द्राक्षापासून होणाऱ्या गोड, फेसाळ वाइनमुळें त्याचें नांव जगभर झालेलें आहे. या शहरांत १९७४ सालीं एक उत्सव सुरू झाला. त्याला इटालियन भाषेंत 'सग्रा' म्हणतात, आणि या शब्दाचें मूळ ध्यानांत घेण्याजोगें आहे. सग्रा म्हणजे मूळ देवळाच्या प्रतिष्ठापनेचा उत्सव. 'पवित्र' या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून तो आला. आपली 'यात्रा' जशी झिजून 'जत्रा' झाली आणि देवाबरोबर बाजारालाही तिनें पोटांत घेतलें, तशीच तेथेंही देवळाच्या उत्सवाची हळूहळू पिकाची आणि पक्वान्नांची जत्रा झाली.

आस्तीच्या या उत्सवाची घडण मोठी शहाणपणाची आहे. सप्टेंबरांत, शहरांतील एका विस्तीर्ण चौकांत लांकडी झोंपड्यांचें एक गांवच उभें करितात. झोंपड्या चाळीसच्या आसपास, आणि प्रत्येक झोंपडी भोंवतालच्या एकेका गांवाची. गांवोगांव स्वयंसेवकांच्या मंडळ्या आहेत. 'प्रो लोको' म्हणजे 'गांवाकरितां' असें त्यांचें नांव. एकेका मंडळीनें आपल्या गांवचा ठरलेला पदार्थ रांधावयाचा आणि त्याबरोबर आपल्याच टापूंतली वाइन द्यावयाची. रांधणारे हलवाई नसतात. गांवांतील शिंपी, शिक्षक, शेतकरी, त्यांच्या बायका, आज्या आणि नातवंडें अशीं सारीं त्या दोन दिवसांकरितां कामास जुंपलेलीं असतात. रविवारीं सकाळीं मिरवणूक निघते. हजारों माणसें आपल्या आज्यापणज्यांच्या काळचा शेतकरी पोशाख घालून, जुने नांगर, मळणीचीं यंत्रें आणि बैलगाड्या घेऊन शहरांतून जातात. कोणी चालतां चालतां लोंकर कांततो, कोणी टोपली विणतो. शहर दुतर्फा उभें राहून आपलें कालचें रूप पाहतें आणि मग जेवावयास बसतें.

तेथील पदार्थही पाहण्यासारखे आहेत. एक आहे 'बान्या काउदा': लसूण, खारवलेले मासे आणि ऑलिव्हचें तेल यांची कढत आमटी, तिच्यांत भाज्यांचे तुकडे बुडवून खावयाचे. दुसरा 'बेलेकाउदा', आणि तो ऐकून मराठी गृहिणीस हंसू येईल, कारण तो म्हणजे हरभऱ्याच्या डाळीच्या पिठांत पाणी, तेल आणि मीठ घालून मोठ्या परातींत भट्टींत भाजलेलें जाडसर धिरडें! नित्सा गांवचे लोक तें मोठ्या अभिमानानें वाढतात, आणि खाणारे रांगा लावतात. गरिबाच्या घरचें अन्न लाज न बाळगतां मेजावर मांडणें, हीच या उत्सवाची खरी श्रीमंती आहे.

सगळेच इटालियन उत्सव इतके सुबुद्ध असतात असें नाहीं. रोमजवळच्या मारीनो गांवीं १९२५ पासून ऑक्टोबराच्या पहिल्या रविवारीं द्राक्षोत्सव होतो, आणि त्या दिवशीं तेथील जुन्या कारंजांतून पाण्याऐवजीं वाइन उडते. २००८ सालीं नळ जोडण्यांत कांहींतरी घोंटाळा झाला; कारंजें कोरडें राहिलें आणि आसपासच्या घरांतील नळांतून वाइन वाहूं लागली. ही हकीकत वर्तमानपत्रांतून जगभर गेली आणि लोक पोट धरून हंसले. हौस म्हटली कीं थोडा गोंधळ यावयाचाच. पण मारीनो काय किंवा आस्ती काय, गांवाला उत्सव आपला वाटतो, हें दोन्हीकडे समान आहे.

उत्सव कोणाचा, हा प्रश्न केवळ मानाचा नाहीं, पोटाचा आहे. तो कसा, तें गेल्या चार दशकांच्या इतिहासावरून दिसतें. १९८० च्या दशकांत नारायणगांवीं शामराव चौगुले यांनीं फ्रेंच तज्ज्ञांच्या साहाय्यानें फेसाळ वाइन काढली आणि ती परदेशांतही पाठविली. महाराष्ट्राच्या मातींत हें होऊं शकतें, हें तेव्हां प्रथम लोकांना पटलें. २००१ सालीं राज्य सरकारनें द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर केलें. नाशिक जिल्ह्यांत विंचूरला आणि सांगली जिल्ह्यांत पलूसला वाइन उद्योगासाठीं वसाहती आंखल्या. कारखाने भराभर निघाले. शेतकऱ्यांनीं त्यांच्याशीं करार केले आणि वाइनच्या वेली लावल्या. मग २००८-०९ ची मंदी आली. विक्री घटली, टाक्यांत साठा पडून राहिला, कारखान्यांनीं खरेदी आंखडती घेतली. ज्या द्राक्षाला कारखान्याखेरीज गिऱ्हाईक नव्हतें तें वेलीवरच राहिलें. कित्येकांनीं कर्ज काढून लावलेल्या वेली स्वतःच्या हातांनीं उपटून टाकल्या. त्या वेळीं पिणाऱ्यानें दुसरी बाटली घेतली असेल. पिकविणाऱ्याला दुसरी वाट नव्हती. दोघांची ओळख असती तर मंदी टळली नसती, हें खरें. परंतु ज्याचें तोंड कोणी पाहिलेलें नाहीं त्याचें नुकसानही कोणाला दिसत नाहीं.

आतां पेल्याकडे नाक मुरडणाऱ्याचा पक्ष. तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. दारूनें घरें कशीं धुळीस मिळतात हें महाराष्ट्रांतील बायकांना पुस्तकांतून शिकावें लागलेलें नाहीं. मुंबई राज्याचा दारूबंदीचा कायदा १९४९ चा. आजही वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे दारूबंदीचे आहेत. गांवांतील दारूचें दुकान बंद करावें कीं नाहीं यावर मतदान घेण्याची सोय राज्यांत आहे, आणि तिच्या मतपत्रिकेवर दोन चित्रें असतात: उभी बाटली आणि आडवी बाटली. आडव्या बाटलीला मत देण्यासाठीं रांगेंत उभ्या राहिलेल्या बायाबापड्यांनीं कित्येक गांवांतलीं दुकानें बंद पाडलीं. जानेवारी २०२२ मध्यें राज्य मंत्रिमंडळानें मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकूं देण्याचा निर्णय घेतला, तेव्हां 'शेतकऱ्याचें हित' हें कारण सांगितलें गेलें. विरोध इतका झाला कीं निर्णय अमलांत आला नाहीं. पुढल्याच वर्षीं, २०२३ सालीं, जागतिक आरोग्य संघटनेनें स्पष्ट सांगितलें कीं मद्याचें निर्धोक असें कोणतेंही प्रमाण नाहीं. 'थोडी वाइन प्रकृतीला हितकर' या समजुतीचा आधार त्यामुळें गेला.

इटालियन माणूस वाइन जेवणाबरोबर घेतो, बापलेक एका मेजावर बसून घेतो, आणि तिच्यांत त्याला लपविण्यासारखें कांहीं वाटत नाहीं. ती चाल शेंकडों वर्षांची आहे; ती उसनी आणतां येत नाहीं आणि आणण्याची गरजही नाहीं. आपल्याकडे द्राक्षाच्या आंबविलेल्या रसाची ओळख निराळ्या वाटेनें झाली. धायटीचीं फुलें घालून केलेलें द्राक्षासव पुष्कळ घरांच्या फडताळांत असे. त्यांतही आपोआप उत्पन्न झालेला मद्यार्क असतोच. पण तें औषध, आणि तें चमच्यानें मोजून द्यावयाचें. मोजमापाची ही जाणीव आपली आहे, आणि ती सोडावी असें द्राक्षाची जत्रा आपल्याला सांगत नाहीं.

म्हणून पुढचा विचार असा येतो कीं, द्राक्षाची जत्रा म्हणजे वाइनची जत्रा, हें समीकरणच मुळीं अपुरें आहे. महाराष्ट्रांत पिकणाऱ्या द्राक्षाचा फार मोठा वांटा खाल्ला जातो आणि त्याचे बेदाणे होतात. वाइनच्या वांट्यास त्यांतलें थोडेंच येतें. पुण्याजवळ मांजरी येथें राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तेथें 'मांजरी मेडिका' नांवाची एक जात तयार झाली आहे. ती खास रसाची, गडद रंगाची आणि पौष्टिक. असा ताजा, न आंबविलेला रस लहान मुलापासून वृद्धापर्यंत कोणीही घ्यावा. ज्याला कायद्याच्या मर्यादेंत वाइन चाखावयाची असेल त्यानें ती वेगळ्या दालनांत चाखावी. पण मुख्य मांडव घड, रस, बेदाणे आणि गांवोगांवच्या अन्नाचा असावा. मग आडव्या बाटलीला मत देणारी आजीही नातवाचें बोट धरून जत्रेला येऊं शकेल.

गांवोगांवचें अन्न म्हटलें कीं या एकाच रस्त्यावर केवढें वैभव आहे पाहा. जुन्नरच्या बाजूची मासवडी घ्या. नांवांत मासा, आकार माशाचा, आणि आंत तीळ, सुकें खोबरें व लसणीचें सारण भरलेली बेसनाची वळी; वर झणझणीत रस्सा. आस्तीच्या बेलेकाउदेशेजारीं तिला बसविली तर दोन दूरच्या बहिणी भेटल्यासारखें वाटेल. मावळचा इंद्रायणी तांदूळ घ्या. वडगांवच्या भात संशोधन केंद्रांत तयार झालेला, चिकट आणि सुवासिक. चाकणचा कांदा, खेड-मंचरचा बटाटा, शेवटचा कोंवळा हुरडा, आणि हें सारें रांधण्याला त्या त्या गांवचे बचत गट. एका गांवाचा एक पदार्थ, एका शेतकऱ्याचें नांव लिहिलेली एक टोपली. यासाठीं फार मोठ्या भांडवलाची आवश्यकता नाहीं.

आवश्यकता आहे ती मालकीच्या भावनेची, आणि तिचा दाखला तळेगांवाला दूर शोधावा लागत नाहीं. अंताजी दामोदर काळे यांनीं माणशीं एक पैसा गोळा करून देशी उद्योग उभारण्याची कल्पना काढली. लोकमान्य टिळकांनीं तिला पाठबळ दिलें. आणि त्या पैशापैशांतून १९०८ सालीं तळेगांवीं पैसा फंडाचा कांचकारखाना उभा राहिला. जपान-अमेरिकेंत कांचेची विद्या शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांच्यासारख्या माणसाची त्याला जोड मिळाली. त्या कारखान्यांतून निघालेल्या कंदिलाच्या चिमणीकडे पाहून कोणाही शाळकरी पोरानें म्हणावें कीं, हींत माझा एक पैसा आहे! शेतकऱ्यांच्या मालकीचा हाच विचार द्राक्षाच्या धंद्यांत पुढें आला. १९९१ सालीं द्राक्ष बागाईतदारांच्या सहकारी संस्थांनीं मिळून निर्यातीसाठीं 'महाग्रेप्स' ही संस्था काढली. नाशिक जिल्ह्यांत मोहाडी येथें विलास शिंदे यांच्या पुढाकारानें 'सह्याद्री' ही शेतकऱ्यांच्याच मालकीची कंपनी उभी राहिली, आणि तिचीं द्राक्षें आज परदेशीं जातात. जे लोक समुद्रापार माल पाठवूं शकतात त्यांना चाकण-तळेगांवच्या माळावर चार दिवसांचा मांडव घालतां येणार नाहीं, असें कसें म्हणावें?

या मांडवाची गरज शेतकऱ्याइतकीच शहरालाही आहे. चाकण, तळेगांव, पिंपरी-चिंचवड या पट्ट्यांत आज मोठमोठ्या वसाहती उठल्या आहेत. त्यांत राहणाऱ्या पुष्कळ कुटुंबांच्या मागच्या पिढ्या शेतावरच वाढलेल्या. पण आजच्या घरांतील मुलांना द्राक्ष प्लॅस्टिकच्या डबींत पिकतें असें वाटलें तर नवल नाहीं. बाजारांतील भाव चढला कीं घरांत कुरकुर होते. तो पडला कीं कोणाच्या घरीं काय होतें, याची वार्ता येत नाहीं. गारपिटीची बातमी तीन ओळींत संपते. ज्या मुलानें एकदां मांडवाखालीं उभें राहून घड हातांत तोलला, केवडा म्हणजे काय हें बागाईतदाराच्या तोंडून ऐकलें, त्याला त्या तीन ओळी निराळ्या वाचतां येतील.

नाशिकचा उत्सव त्याच्या जागीं राहो. त्यानें द्राक्षाच्या मळ्याकडे शहरांची पावलें वळविलीं, ही कामगिरी लहान नाहीं. जुन्नरचा महोत्सव पाहुण्याला बागेपर्यंत नेतो, हें त्याहून पुढचें पाऊल. आस्तीपासून घेण्यासारखी गोष्ट एकच: तेथें गांव आपलें अन्न, आपला पोशाख आणि आपलें नांव घेऊन शहराच्या चौकांत उभा राहतो, आणि शहर त्याला पाहुणा न मानतां यजमान मानतें. आपल्याकडे ज्या दिवशीं कोणी हातांत रसाचा पेला किंवा मासवडीचा द्रोण घेऊन "हें कोणाच्या मळ्यांतलें?" असें विचारील, आणि "माझ्या," असें म्हणणारा समोर उभा असेल, त्या दिवशीं द्राक्षांची जत्रा खरोखर भरली असें म्हणतां येईल.